दोनशे लिटरची पणती

तांड्यात कुणीबी घरात डिझेलचा नाहीतर रॉकेलचा ड्रम ठेवायचा नाही, हा नियम पेमा नायकाच्या तोंडून निघाला खरा, पण नायकाच्या तोंडात तो घातला वसरामनं.

आदल्या उन्हाळ्यात देविदासच्या गोठ्यात रॉकेलचा डबा पेटला होता. कडब्याच्या दोन गंजी गेल्या, एक म्हैस शेपटी जाळून घेऊन जवळा बाजार गावाच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवशी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं सगळा तांडा बसला. वसरामचं अन् देविदासचं बांधावरच्या लिंबावरून दहा वर्षांचं वाकडं. असा मोका पुन्हा कधी येणार? वसराम उठून उभा राहिला.

"दंड-बिंड काय कामाचा न्हाई, नायक. माणूस दंड भरतो अन् इसरतो. ज्याच्या घरात ड्रम निघंल, त्याच्या लेकीच्या लग्नात तांडा जेवायला जाणार न्हाई. लिहून घ्या."

देविदासला तीन लेकी. बाण बराबर बसला. माना डोलल्या, नियम झाला. वसरामला त्या टायमाला आपली एकुलती एक रुपा आठवलीच नाही. दुसऱ्याच्या दारात खड्डा खणताना माणसाला आपले पाय दिसत नसतात.

त्याच वर्षी रुपाचं लग्न ठरलं. मार्गशीर्षात बार उडवायचा होता. सगळा भार घरातल्या कापसावर. आतल्या खोलीत आढ्याला लागेल इतका सहा क्विंटल कापूस रचून ठेवलेला, दिवाळीनंतरच्या बाजाराला न्यायचा म्हणून.

अन् दिवाळीच्या आठ दिवस आधी जवळा बाजारात बोंब उठली की आता डिझेल मिळणार नाही. काहून मिळणार नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पंपावर कॅन घेऊन रांग लागली, म्हणजे खरंच असणार. लाइट तर बारा-बारा तास गायब. विहिरीवरचं इंजिन चाललं नाही तर हरभरा उगवणार नाही. वसरामनं सगळ्यांच्या वरताण करायची ठरवली. लोक कॅन भरून राहिले, त्यानं अख्खा ड्रम भरला. पुरा दोनशे लिटरचा.

ड्रम दिला तो संतराम मिस्त्रीनं. बाजारात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा शहाणा माणूस. देता देता त्यानं सांगितलं, "वसरामभाऊ, घरात ठेवू नका. बाहेर सावलीत, चुलीपासून लांब, उभा ठेवा. काढायला हा हातपंप घ्या, काम झालं की आणून द्या. अन् कापसाच्या तर जवळसुदीक नेऊ नका."

"आमी काय डिझेल पहिल्यांदाच पाहून राहिलो का?" वसराम म्हणाला अन् पंप तिथंच ठेवला. पंप दिसला की तांडा विचारणार, पंप कशाला? ड्रम बाहेर ठेवला तर देविदास पहिला येऊन टिचकी मारून पाहणार. मग बैलगाडीत कडब्याखाली झाकून ड्रम आणला अन् लपवायला जी जागा सापडली ती कुठली? कापसाच्या मागची.

बायको मोतीबाई उंबऱ्यात आडवी झाली. "ह्या घरात न्हाई."

"आठ दिवसांचा सवाल हाय, मोते."

"आठ दिवसांनी दिवाळी हाय! घरोघर दिवे घेऊन पोरी हिंडतील."

"दिवा दाराशी, ड्रम मागच्या खोलीत. कुठं गाठ पडती त्यांची?"

रुपाला सांगितलं, इंजिनाचे पार्ट आणून ठेवलेत, त्याचा वास. वसरामची याडी, म्हणजे म्हातारी आई गोजरबाई, तिला काहीच सांगितलं नाही, कारण तिला कमी दिसायचं. तिचं नाक शाबूत आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी वसरामनं नळी टाकून तोंडानं डिझेल ओढलं. कॅनमध्ये पाच लिटर गेलं, पोटात दोन घोट. पुढचे दोन दिवस तो ढेकर द्यायच्या आधी चुलीकडं पाहायचा. बिडी सुटली. मग त्यानं अक्कल चालवली. पहारीनं ड्रम आडवा केला, दोन ओंडक्यांवर ठेवला, बुचाच्या जागी पाण्याचा पितळी नळ बसवला. आटे काही जुळेनात, नळ थेंब थेंब गळायला लागला. तेव्हा त्याला आठवलं, ट्रॅक्टरची टाकी गळली की संतराम साबण दाबून लावतो. संतराम लावायचा गाडी दुकानापर्यंत यावी म्हणून, तासाभरासाठी. वसरामनं ते धोरण कायमचं घेतलं.

घरात साबणाची वडी एकच होती. मोतीबाईनं आठवडी बाजारातून दिवाळीच्या अंघोळीला आणलेली, चंदनाच्या वासाची. वसरामनं ती मळली अन् नळाभोवती लिंपली. थेंब थांबला. वडी कुठं गेली म्हणून मोतीबाईनं घर उलटंपालटं केलं तेव्हा तो म्हणाला, "उंदरानं नेली असंल."

"कागदासकट?"

"शिकलेला असंल."

दिवाळीच्या अमावस्येला दुपारी गोजरबाई अंघोळीला निघाली अन् तिचं नाक तिला मागच्या खोलीत घेऊन गेलं. कापसाच्या मागं हात घातला तर चंदनाचा साबण! म्हातारीनं उंदराला आशीर्वाद दिला. नखानं खरवडून खरवडून सगळा साबण काढला, नळाभोवती कण ठेवला नाही. झकास अंघोळ केली, नवं लुगडं नेसली अन् देवळाच्या ओट्यावर जाऊन बसली.

वसराम तेव्हा रानात होता. मोतीबाई मागच्या पडवीत करंज्या तळत होती. वास आला, पण आठ दिवस तोच वास होता. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत ड्रम गळत राहिला. जमिनीचा उतार कापसाकडं. अन् कापूस तो कापूस. वासरू गाईला लुचतं तसं त्यानं डिझेल ओढून घेतलं.

दिवेलागणीला वसराम आला. लाइट नव्हतीच. मागच्या खोलीत पाय टाकला अन् पाय पच्च झाला. दुसरा टाकला, तोबी पच्च. हातानं नळ चाचपला तर साबण नाही, नळ हलून राहिला, अन् बोटाएवढी धार. तो नळ दाबायला गेला तर नळ हातात आला. आता भोक उघडं. काय करणार? अंगठा घातला.

धार थांबली. वसरामबी थांबला. अंगठा काढता येईना, हलता येईना. दुसऱ्या हातानं कापूस चाचपला. गंजीच्या खालून कमरेपर्यंत ओला. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अन् तो उजेड त्याला पार नको होता. खाली तेल. वर वात. भवताली चार भिंती. हे घर राहिलं नव्हतं, दोनशे लिटरची पणती झाली होती. फक्त लावायची बाकी होती.

अन् समोरून उजेड यायला लागला. दोन्ही तळहातांत पणती धरून मोतीबाई येऊन राहिली होती.

"मोते! थांब! आत येऊ नको!"

"काहून? अंधारात काय करून राहिले तुमी?"

"पाया पडतो तुझ्या. ती पणती विझव."

"दिवाळीची पणती फुंकू? डोस्कं फिरलं का? वरसाचा दिवस हाय!"

"मग लांब घेऊन जा! शेळ्यांपाशी ठेव! उंबऱ्यावरच्याबी उचल! मोते, ड्रम फुटला. कापूस सगळा भिजला."

मोतीबाई जागच्या जागी थिजली. तिनं पणतीकडं पाहिलं, मग अंधाराकडं. उलट्या पावली, हळू, पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी ती पणती घेऊन मागं सरकत गेली. उंबऱ्यावरच्या चारी पणत्या उचलून शेळ्यांच्या वाड्यात ठेवल्या. परत आली ती मोकळ्या हातांनी अन् भरल्या तोंडानं.

"म्हनलं होतं का न्हाई? ह्या घरात न्हाई म्हनलं होतं का न्हाई?"

"शिव्या मागून दे. अंगठा भोकात हाय. काढला की धार लागती."

"मग ड्रम फिरवा ना. भोक वर करा."

अर्धा तास त्याचा अंगठा बधिर होऊन राहिला होता अन् ड्रम गोल असतो ही गोष्ट त्याला सुचलीच नव्हती.

दोघांनी रेटून ड्रम फिरवला. धार थांबली. पण घरभर जे सांडलं होतं ते सांडलंच होतं. चिखलासारखी एक काळी रेघ दारापर्यंत आली होती, मघाशी पणत्या होत्या तिथून टीचभर अलीकडं.

"जा, नायकाला सांगा," मोतीबाई म्हणाली. "चार माणसं आली तर कापूस बाहेर निघंल."

"अन् रुपाच्या लग्नात कोण जेवंल? तू अन् मी? देविदास तर हलगी लावून नाचंल."

"घर जळालं तर कुठलं लगीन?"

तेवढ्यात तांड्याच्या वरच्या अंगाला पोरींचं गाणं सुरू झालं.

दिवाळीच्या अमावस्येला तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी हातात पेटते दिवे घेऊन घरोघर जातात. ह्याला मेरा म्हणतात. आधी नायकाचं घर, मग एकामागून एक सगळी. आत जायचं, आई-बापाला, म्हाताऱ्यांना, ढोरावासरांना, आलेल्या पिकाला दिव्यानं ओवाळायचं अन् वर्ष सुखाचं जावो म्हणायचं. म्हातारे दिव्याच्या ताटलीत नाणं टाकतात. मेरा आला नाही ते घर वर्षभर अंधारात, असं समजतात. अन् लग्न ठरलेल्या पोरीचा तो शेवटचा मेरा असतो. त्यामुळं ती सगळ्यांच्या पुढं असते.

पुढं रुपा होती. मागं तेरा पोरी. चौदा दिवे.

वसराम दारात जाऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत डिझेलनं चिकटलेलं. एक घर झालं, दोन झाली. दिवे डुलत डुलत येऊन राहिले. वसरामला आयुष्यात कधी एवढी सुंदर गोष्ट एवढी भयंकर वाटली नव्हती.

"बापू, सरका." रुपा हसत होती. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून तिनं ओढणी आडवी धरली होती.

"बाई, आपल्या घरी आज न्हाई."

"काहून?"

"घरात साप निघाला."

"मग तर उजेड पाहिजे! दिवे असल्यावर दिसंल." मागच्या चार पोरी उत्साहानं पुढं सरसावल्या.

"थांबा! साप गेला. पर... याडीला बरं न्हाई. लई तकलीफ होऊन राहिली तिला."

"मग आधी आजीला ओवाळते," रुपा म्हणाली अन् पाऊल उचललं. "सरका ना, बापू."

दिव्याची ज्योत फुलपाखरासारखी वसरामच्या धोतरापासून हातभर अंतरावर फडफडली. वसरामच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलं नव्हतं. ते आपलं आपण निघालं.

"याडी गेली!"

गाणं बंद पडलं. वसरामला वाटलं, सुटलो. सुतकाच्या घरी मेरा होत नाही. आता पोरी माघारी जातील, तोवर आपण कापूस काढू, याडीला सकाळी जिवंत करू.

मग रुपानं टाहो फोडला. "आजी गं!" करून ती थेट दारात घुसली. हातात दिवा तसाच. वसरामनं तिचं मनगट धरलं. ती ओढायला लागली, तो मागं रेटायला लागला, अन् ताटलीतलं तेल हिंदकळून वात आडवी पडली. एक ठिणगी उडाली. उंबऱ्याच्या बाहेरच्या मातीत पडली अन् विझली. वसरामचा जीव तेवढ्या वेळात देवाघरी जाऊन परत आला.

"सोडा मला, बापू! आजीचं तोंड पाहू द्या!"

"न्हाई सोडत! लेकरा, आत न्हाई जायाचं!"

"काहून न्हाई? तुमी काय केलं आजीला?"

आता हे ऐकल्यावर तांडा थांबतो का? टाहो ऐकून घराघरातून माणसं निघाली. लाइट नाही, अंधार, म्हणून जो तो हाताला लागेल ते पेटवून निघाला. कंदील, चिमण्या, पणत्या, मशाली. जिथं चौदा दिवे येऊ द्यायचे नव्हते तिथं साठ आले. पुढं पेमा नायक मोठा कंदील घेऊन. त्याच्या शेजारी देविदास, हातात भडभड पेटलेला टेंभा. उन्हाळ्यातल्या आगीपासून बिचाऱ्याकडं कंदील राहिला नव्हता.

"वसराम, धीर धर," देविदास गदगदल्या आवाजात म्हणाला. "लिंबाचं राहू दे आता. तुझी याडी ती माझी याडी. सर, खांदा मी देतो." अन् टेंभा घेऊन तो दाराकडं निघाला.

दहा वर्षांत देविदास पहिल्यांदा गोड बोलला होता, तोबी टेंभा घेऊन. वसराम मटकन खाली बसला अन् उंबऱ्यावर आडवा पडला.

"मला तुडवा! मला गाडा! पर दिवे आत नेऊ नका!"

"दुःखानं पागल झाला," नायक म्हणाला. "धरा त्याला. उचला."

चौघांनी हात-पाय धरले. त्याच वेळी गर्दीच्या मागून एक म्हातारा आवाज रडत रडत पुढं आला. "कोन गेलं गं बाई? दिवाळीच्या दिवशी कुनाचं वंगाळ झालं? मला कुनी सांगत काहून न्हाई?" लोक वाट देत गेले, कारण रडणाऱ्या म्हातारीला वाट द्यायचीच असते. ती पार दारापर्यंत आली तेव्हा कंदिलाचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

गोजरबाई. नवं लुगडं, चापूनचोपून विंचरलेले केस.

देविदास टेंभ्यासकट तीन पावलं मागं उडाला. दोन पोरी किंचाळल्या. नायकानं महाराजांचं नाव घेतलं. रुपानं आजीला मिठी मारली अन् दुसऱ्याच क्षणी नाक उचललं.

"आजी, तुझ्या केसांना कसला वास?"

"चंदनाचा," गोजरबाई डोळे पुसत म्हणाली. "उंदरानं कापसाच्या मागं लपवला होता साबन. फेस काही आला न्हाई मेला. अन् मागून जरा इंजिनावानी वास मारतो. पर कोन गेलं?"

नायकानं हळूच कंदील खाली केला. दाराशी आलेली काळी रेघ चमकली. त्यानं वाकून बोट लावलं, नाकाला लावलं. वसरामच्या धोतराकडं पाहिलं.

"वसराम. आत काय हाय?"

वसरामनं तांड्याकडं पाहिलं. साठ दिवे त्याच्याकडं पाहून राहिले होते. लग्नाचा मांडव त्याला दिसला, रिकाम्या पत्रावळी दिसल्या. मग रुपाच्या हातातली कलंडलेली वात दिसली.

"ड्रम हाय, नायक," तो म्हणाला. "दोनशे लिटर. निम्मा कापसात. रुपाचा कापूस. मीच ठेवला. आता काय करायाचं ते करा, पर आधी दिवे मागं न्या. माझी लेक उभी हाय तिथं."

मेऱ्याचे दिवे फुंकायचे नसतात, अन् पाठ फिरवली तर वाऱ्यानं ज्योत उडेल. म्हणून सगळा तांडा, पोरी, म्हातारे, नायक, देविदास, दिवे छातीशी धरून उलट्या पावलांनी मागं सरकायला लागला. एकमेकांच्या पायावर पाय देत, दबक्या आवाजात शिव्या देत, पार देवळापर्यंत. गोजरबाईला दोघींनी कडेनं नेलं, दिव्यांपासून लांब. दुपारपासून ती देवळात समईच्या शेजारी बसली होती हे तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं अन् दोन बायकांना घाम फुटला.

सगळे दिवे ओट्यावर ठेवून माणसं मोकळ्या हातांनी परत आली. अंधारातच साखळी धरली अन् कापूस हातोहात बाहेर काढला. सगळ्यात आत, डिझेलमध्ये पाय रोवून, देविदास उभा होता. काम करता करता तो मधूनच खुसखुसून हसत होता, अन् वसरामला ते बराबर ऐकू येत होतं. वरचा दोनेक क्विंटल कोरडा निघाला. बाकीचा पांदीच्या कडेला ढीग लावला. त्या हिवाळ्यात घरोघरच्या बायका त्यातला बोळा बोळा नेऊन चूल पेटवायच्या अन् तांड्यात कुणाला फुंकणी लागली नाही. लग्न मात्र चैत्रात गेलं.

सगळं झाल्यावर नायक म्हणाला, "नियम तुझा हाय, वसराम. तांडा तुझ्या घरी जेवणार न्हाई."

बोलली ती मोतीबाई.

"बराबर हाय, नायक. ह्यांच्या घरी जेवूच नका. पर हे घरकुल माझ्या नावावर हाय. कागद हाय माझ्यापाशी. माझ्या घरी जेवायला या."

नायकानं मिशीवरून हात फिरवला. देविदासकडं पाहिलं. देविदास म्हणाला, "मोतीबाईच्या घरी काहून न्हाई जेवायाचं? तिनं काय वंगाळ केलं?"

"अन् वसराम?"

"त्याला बोलवायचं का न्हाई ते मोतीबाई पाहील."

मोतीबाईनं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाली, "पानी वाढायला येऊ द्या. चुलीजवळ नको."

तांडा हसला. वसरामला हसावं का रडावं कळेना. एवढ्यात देवळाकडून रुपा दिवा घेऊन आली अन् वाटेवरच थांबली. ह्या घराला मेरा राहिला होता. तिचा शेवटचा.

"तिथंच! तिथंच थांब, लेकरा!" वसराम हात हलवत ओरडला.

मधे पन्नास पावलांचं अंतर. रुपानं तिथूनच दिवा वर उचलला. बापाला ओवाळलं, आईला ओवाळलं, घराला, गोठ्याला, रस्त्यात पडलेल्या कापसालाबी ओवाळलं. अन् रानात हाक मारावी तशा मोठ्यानं ओरडली, "बापू! वरीस सुखाचं जाऊ दे तुमचं!"

वसरामनं बंडीचा खिसा चाचपला. एक नाणं निघालं, डिझेलनं बुळबुळीत. जवळ तर जाता येत नव्हतं. त्यानं डोळे पुसले, नेम धरला अन् जोरानं भिरकावलं.

नाणं रुपाच्या ताटलीत नाही पडलं. ते देविदासच्या टाळक्यावर बसलं.